धाव : शर्यतीची आणि रस्त्याची

मराठीत ‘धाव’ या शब्दाचा एक अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तो पळण्याचा. दुसरा अर्थ सुतार-लोहारांच्या तोंडी राहिला आणि त्यांच्याबरोबरच मागे पडत चालला आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात, ती धाव. पळणे आणि ज्यावर पळायचे ती वस्तू, दोन्हींना आपण एकच शब्द दिला. प्रस्तुत लेख दुसऱ्या अर्थाविषयी आहे; पण तो लिहायला भाग पडले ते पहिल्या अर्थामुळे.

आमचे पुणतांबा गोदावरीकाठी आहे. वाघावर बसून ज्ञानेश्वरांच्या भेटीला निघालेल्या चांगदेवांची समाधी इथे आहे, तेव्हा वाहन मिरवण्याचे नवल या गावाला नसावे. तरीही माझा पुतण्या पुण्याहून त्याची मोटार घेऊन आला, तेव्हा पोरे भोवती जमली. गाडी जुनी, पण इंजिनावर बराच पैसा ओतून तिची ताकद वाढवलेली. ती ताकद पुढच्या चाकांना मिळते, म्हणून पुढच्या दोन चाकांना त्याने ड्रॅग रेसिंगचे टायर बसवले होते. ड्रॅग रेसिंग म्हणजे उभ्या जागेवरून सुटून सरळ रेषेत, बहुधा पाव मैल, धावण्याची शर्यत. वळण नाही, चढउतार नाही. टायर जवळजवळ सपाट होते. नावाला चार खाचा. अंगठ्याने दाबले तर रबर मऊ लागे. “काका, याची पकड बघा, रस्ता धरून ठेवतो,” तो म्हणाला.

फेब्रुवारीचे दिवस, उसाचा हंगाम भरात. संध्याकाळी अवकाळीची एक सर येऊन गेली. ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती डांबरावर पसरलेली होती. समोर उसाने भरलेली टायरगाडी होती, वर कोयत्यावरची बाई बसलेली, खाली तिचा नवरा बैलांशेजारी चालत होता. पुतण्याने ब्रेक दाबला, स्टिअरिंग वळवले. गाडी वळली नाही. ती सरळ घसरत गेली, बैलगाडीला हातभर चुकवून चारीत उतरली. पोराचे खांद्याजवळचे हाड मोडले, एवढ्यावर निभावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे गेलो. ती टायरगाडी जवळच्या कोपीपाशी सोडलेली होती. तिचे टायर वापरून वापरून पार गोटा झालेले. पुतण्याचे टायर तसेच गुळगुळीत, पण कारखान्यातूनच तसे आलेले आणि महागडे. ही दोन गुळगुळीत चाके एका रस्त्यावर कशी आली, हे शोधण्यात पुढची तीन वर्षे गेली. मी इतिहासाचा पदवीधर नाही की अभियंता नाही. शिक्षण बारावीला सुटले. पुढचे सगळे वाचनावर आणि विचारपूस करण्यावर.

लोखंडी धाव

विचारपूस गावातल्या एका वृद्ध सुतारापासून सुरू केली. तुंब्यात आरे ठोकून, वर लाकडी घेर बसवून चाक तयार झाले की लोहाराकडे जाई. लोहार धाव चाकापेक्षा किंचित लहान करी. ती गोवऱ्यांच्या आरात लालभडक तापवली की फुगते. तशीच चाकावर बसवून वर पाणी मारले की आवळते आणि सारे सांधे घट्ट धरते. लोखंडाला जमिनीची पकड नसतेच म्हटले तरी चालेल. पण बैलगाडीला ती लागतही नाही. ओढ बैलाच्या खुरांतून येते, चाकाने फक्त फिरायचे असते. मोटारीत हे उलटते. तिथे ओढणे, वळणे आणि थांबणे ही तिन्ही कामे चाकाचीच, आणि चाक जमिनीला टेकते ते तळहाताएवढ्या जागेत.

शर्यतीच्या छकड्याविषयी विचारल्यावर म्हातारबा हसले. “तो वेगळाच असतो. बारीक आरे, हलका साटा. त्याच्यात दोन पोती टाकली तर मोडंल. त्याला कोणी शेतात नेत नसतं, अन् घरच्या गाडीला कोणी शर्यतीत नेत नसतं.” बैलांचेही तेच. शर्यतीसाठी राखलेल्या खिलारी खोंडाला नांगराला जुंपायला मालक सहसा तयार नसतो. आजही छकडा आणि बैल टेंपोत घालून मैदानावर नेतात, रस्त्याने पळवत नाहीत. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती थांबवल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. तो वाद बैलांच्या हालांचा होता आणि योग्यच होता. मात्र शर्यतीची वस्तू वेगळी आणि कामाची वेगळी, हा शहाणपणा त्या वादाआधीचा आहे. तो कोणत्या कलमात लिहिलेला नाही.

रबर आले

चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक मिसळून रबर तापवले आणि उन्हाने चिकट, थंडीने ठिसूळ होणारा हा पदार्थ टिकाऊ झाला. हवा भरलेल्या चाकाचे पेटंट रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्ये घेतले, पण ते विस्मरणात गेले. बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉपने १८८८ मध्ये तीच कल्पना नव्याने मांडली, आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशलिन बंधूंनी हवेचे टायर लावून मोटार पळवली. वाटेत पंक्चरांनी जीव नकोसा केला, तरी त्यांनी शेवट गाठला. त्या काळात शर्यत ही रस्त्याची परीक्षा होती. शर्यतीत जे टिकेल ते उद्या सर्वांच्या चाकाला लागेल, असा हिशोब होता.

हुगळीकाठच्या साहागंजला डनलॉपचा कारखाना १९३६ मध्ये उभा राहिला. पुढे बैलगाडीलाही रबरी चाके लागली आणि आपल्याकडे त्या गाडीचे नावच ‘डनलॉप’ पडले, टायर कोणत्याही कंपनीचा असो. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. त्यानंतर या पट्ट्यात कारखाने वाढले आणि उसाच्या टायरगाड्याही. रबराने बैलांची ओढ हलकी केली खरी, पण ती सवलत बैलांकडे राहिली नाही. गाडीवर दोन-अडीच टन ऊस चढू लागला.

पाव मैलाची दुनिया

इकडे प्रवरेकाठी गाळप सुरू होत होते, त्याच १९५० साली कॅलिफोर्नियात सांता आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर पैसे घेऊन ड्रॅग शर्यती भरू लागल्या. त्याआधी ही तरुण मंडळी मुरॉकच्या कोरड्या तळ्यांवर आणि रात्री गावातल्या रस्त्यांवर गाड्या पळवत. वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये राष्ट्रीय संघटना काढली, तिचा एक हेतूच मुळी ही शर्यत रस्त्यावरून उचलून बंदिस्त जागेत नेणे हा होता.

या मंडळींचे सुरुवातीचे टायर आपल्या रिमोल्डवाल्यांचे भाऊबंद म्हणावेत असे होते. रस्त्याच्या जुन्या टायरवर मऊ रबराचा गुळगुळीत थर चढवायचा, खाच एकही नाही. कोरड्या जमिनीवर खाच म्हणजे वाया गेलेली जागा. जितके रबर टेकेल तितकी पकड जास्त. पुढे खास याच कामासाठी टायर बनू लागले. त्यांची बाजूची भिंत इतकी नरम की सुटताना सुरकुत्या पडतात, टायर चपटा होऊन जमिनीला आणखी बिलगतो. म्हणून हवाही कमी ठेवतात. सुटण्याआधी चाके जागेवर गरागरा फिरवून धूर काढतात तो दिखावा नव्हे. रबर तापल्याखेरीज चिकटत नाही.

आता हा टायर रस्त्यावर आणून पाहू. सकाळच्या गारव्यात तो थंड असतो, म्हणजे जी पकड विकत घेतली ती मिळतच नाही. नरम भिंत सरळ सुटताना उपयोगी, वळणावर मात्र डुलते. मऊ रबर खडे उचलते आणि पाहता पाहता झिजते. अमेरिकेत टायरवर झिजेचा आकडा छापावा लागतो. १०० ही तुलनेची पातळी. रस्त्याला चालतील म्हणून विकल्या जाणाऱ्या काही ड्रॅग टायरांवर त्या जागी चक्क शून्य असते. बनवणाऱ्याने इतके स्पष्ट सांगितल्यावर आणखी कोणी काय सांगावे?

खरी गाठ पाण्याशी आहे. ओल्या रस्त्यावर टायरला आधी पाणी बाजूला सारावे लागते, मग रबर डांबराला लागते. पाण्याला वाट द्यायला खाचा असतात. वाट नसली तर पाण्याची पाचर टायरखाली शिरते आणि गाडी तरंगते. मग स्टिअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, सारखेच. १९६० च्या दशकात नासाच्या लँगली केंद्रात वॉल्टर हॉर्न यांनी पाणी साचलेल्या धावपट्टीवर विमानांच्या चाकांचा हाच अभ्यास केला. त्यांच्या सूत्रानुसार तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो. बत्तीस पौंड हवा असेल तर तो ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो, पंधरा पौंडांवर सुमारे ६४. हे सूत्र ढोबळ आहे आणि साचलेल्या पाण्याचे आहे; पण हवा कमी केली की धोका अलीकडे सरकतो, एवढे त्यातून नक्की कळते. आमच्या रस्त्यावर तर नुसते पाणीही नव्हते, काळ्या मातीचे बुळबुळीत लोणी होते.

आपल्याकडेही ही शर्यत धावपट्टीवरच वाढली. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर अनेक दशके मोटारी धावल्या. अलीकडे लोणावळ्यापलीकडे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ भरते. कायदाही दोन्ही जागा वेगळ्या मानतो. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १८९ सरकारच्या लेखी संमतीवाचून रस्त्यावर शर्यत लावण्यास मनाई करते. १९८९ च्या केंद्रीय नियमांतील नियम ९४ मोटारीच्या टायरवर किमान १.६ मिलिमीटर खोलीची खाच मागतो. साधारण एका रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढी. तेवढ्यावर पावसातला माणूस अवलंबून असतो.

पुतण्याचे हाड जुळले. शर्यतीचे वेड गेले नाही, आणि ते जावे असे मीही म्हटले नाही. आता तो ते दोन टायर डिकीत घालून नेतो, धावपट्टीवर पोचल्यावर चढवतो आणि निघताना उतरवतो. जॅक, पाना आणि अर्धा तास. म्हातारबांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मंग छकडा टेंपोत घालून नेला म्हणायचा.”

दुसऱ्या चाकाचे काम मात्र तसेच राहिले आहे. नियम ९४ मोटारींसाठी आहे. उसाच्या टायरगाडीला तो लागू नाही. गाडी कित्येकदा ओढणाऱ्याच्या मालकीचीही नसते, हंगामापुरती भाड्याने घेतलेली असते. टायर गोटा झाला तर तो बदलायचा कोणी, हे मी या तीन वर्षांत बऱ्याच जणांना विचारले. ऊसतोड करणारा मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे. पावसात उतारावर भरली गाडी रेटा देते तेव्हा तिला ब्रेक नसतो, बैलच ती मानेवर पेलतात. पुतण्याने गुळगुळीत टायर निवडून घेतले होते आणि निवडूनच बदलले. त्या संध्याकाळी उसावर बसलेल्या बाईला तशी निवड नव्हती. पुढच्या हंगामात ते जोडपे आमच्या शिवारात आले नाही. दुसऱ्या गाड्या आल्या. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून त्यांची चाके पाहिली. खाच दिसेल असे टायर मोजायला एका हाताची बोटे पुरली.