१५ मे : लोककवी वामनदादा कर्डक यांचा स्मृतिदिन

आंबेडकरी चळवळीचे गायक-कवी वामनदादा कर्डक यांचे १५ मे २००४ रोजी निधन झाले. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे त्यांचा जन्म झाला. शाळेचे दार त्यांच्यासाठी उघडलेच नाही. मुंबईत गिरणीत राबताना, दुकानांच्या पाट्या वाचत ते मोठेपणी साक्षर झाले. १९४३ पासून त्यांनी गीते रचली आणि वस्त्यावस्त्यांत, बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीच्या मंचांवर स्वतः गायली. बाबासाहेबांचा विचार निरक्षर माणसांपर्यंत त्यांनी सुरांतून पोहोचवला. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ हे त्यांचे गीतसंग्रह. गावोगावचे गायक आजही त्यांची गीते गातात. ज्ञानापासून वंचित ठेवलेल्या समाजाला आत्मसन्मानाचे शब्द देणाऱ्या या महाकवीला विनम्र अभिवादन!