मिरचीवरील मोझॅक : आरएनए विषाणू पेशीत शिरून काय करतो?

गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यात गोदावरी-प्राणहिता काठच्या जमिनीत मिरची हे महत्त्वाचे नगदी पीक आहे. शेंड्याची पाने फिकट-गर्द हिरवी, ठिपकेदार व अरुंद दिसू लागली की अनेकदा एकामागून एक बुरशीनाशके फवारली जातात. रोग विषाणूजन्य असेल तर हा खर्च वाया जातो.

विषाणू कोणता?
मिरचीवरील मोझॅकचे एक प्रमुख कारण म्हणजे काकडी मोझॅक विषाणू. नाव काकडीचे असले तरी तो १,००० हून अधिक प्रकारच्या वनस्पतींवर जगतो. त्यात टोमॅटो, वेलवर्गीय भाज्या, केळी आणि बांधावरची अनेक तणे येतात. याची आनुवंशिक माहिती आरएनएच्या तीन तुकड्यांत असते.

पेशीत काय घडते?
१. प्रवेश : पेशीची भिंत विषाणूला स्वतः भेदता येत नाही. मावा सोंड खुपसतो तेव्हा त्याला वाट मिळते.
२. वाढ : प्रथिनांचे आवरण सुटते. पेशी विषाणूचा आरएनए स्वतःचाच संदेश समजून वाचते आणि त्याची प्रथिने तयार करते. मग त्याच्या असंख्य प्रती निघतात.
३. प्रतिकार मोडणे : झाड परका आरएनए ओळखून त्याचे तुकडे करते. विषाणूचे एक प्रथिन हीच यंत्रणा निकामी करते.
४. प्रसार : दुसरे प्रथिन पेशींमधील सूक्ष्म वाटा रुंद करते. पुढे अन्नवाहिन्यांतून विषाणू कोवळ्या शेंड्यात पोहोचतो. म्हणून लक्षणे नव्या पानांवर ठळक दिसतात.

बुरशीला स्वतःचे शरीर असते, त्यावर औषध काम करते. विषाणू मात्र झाडाचीच यंत्रणा वापरतो. त्यामुळे लागण झालेले झाड बरे करणारी फवारणी नाही.

केवळ कीटकनाशक का पुरत नाही?
मावा रोगट झाडावर काही सेकंद ते मिनिटभर सोंड खुपसूनही विषाणू उचलतो आणि लगेच दुसऱ्या झाडाला देतो. औषधाने तो मरेपर्यंत लागण झालेली असते.

ओळखताना
- पानांच्या कडा वर वळल्या असतील तर फुलकिडे, खाली वळल्या असतील तर कोळी तपासा.
- पांढऱ्या माशीमुळे पसरणारा चुरडा-मुरडा (बोकड्या) हा डीएनए विषाणूचा रोग आहे. तो वेगळा.

काय करावे?
- रोपवाटिकेवर ४० ते ५० मेशची नायलॉन जाळी लावा. लहान वयातील लागण सर्वाधिक नुकसान करते.
- लागवडीपूर्वी शेताच्या कडेने मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन ओळी पेरा. मावा आधी तिथे सोंड खुपसतो व त्याच्याकडील विषाणू कमी होतो.
- शक्य असल्यास चंदेरी आच्छादन वापरा. त्याच्या परावर्तित प्रकाशामुळे मावा कमी उतरतो.
- सुरुवातीला दिसलेली रोगट झाडे उपटून गाडा, बांधावर टाकू नका. तणे काढा.
- बियाणे निरोगी झाडांचेच ठेवा.
- तंबाखू मोझॅक हाही आरएनए विषाणू मिरचीवर येतो आणि हातांवाटे पसरतो. खर्रा किंवा तंबाखू हाताळल्यावर साबणाने हात धुऊनच रोपांना हात लावा.

शंका असल्यास फवारणीआधी रोगट झाडाचा ताजा नमुना घेऊन सोनापूर (गडचिरोली) किंवा सिंदेवाही (चंद्रपूर) येथील कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.