डॅटसन २४० झेड: इंजिन टिकलं, पत्रा गेला

आजच्या भागात गाडी आहे, पण रिव्ह्यू नाही. ही गाडी १९६९ सालची.

छोटी स्पोर्ट्स कूपे म्हणजे दोन दारं, दोन सीट आणि मागे उतरत जाणारं छत. ती घ्यावी की नाही, हा प्रश्न आपल्याकडे बहुतेक जण रील बघताना विचारतात आणि पुढे स्क्रोल करतात. पण १९७०च्या आसपास अमेरिकेत नुकती नोकरी लागलेली पोरं तो खरंच शोरूममध्ये उभं राहून विचारत होती. कारण पहिल्यांदाच अशी गाडी पगारात बसत होती. ती म्हणजे डॅटसन २४० झेड. (हो, तेच डॅटसन, ज्यांची 'गो' आपल्याकडे येऊन गेली. नाव तेच, बाकी काही संबंध शोधू नका.)

त्याआधी पर्याय काय होते? स्वस्तात हवी तर ब्रिटिश एमजी किंवा ट्रायम्फ. मजेदार गाड्या, पण त्यांच्या वायरिंगवरचे विनोद अजून फिरतात. चांगली हवी तर पोर्शे ९११, म्हणजे जवळपास दुप्पट पैसे. ही मधली जागा युताका काटायामा नावाच्या माणसाने हेरली. ते निस्सानचा अमेरिकेतला कारभार बघायचे, लोक त्यांना 'मिस्टर के' म्हणायचे. जपानमध्ये या गाडीचं नाव 'फेअरलेडी झेड'. अमेरिकन पोरगा फेअरलेडी चालवणार नाही हे काटायामांना कळत होतं. त्यांनी आलेल्या गाड्यांवरची ती अक्षरं काढून २४० झेड लावलं, असं सांगतात.

किंमत ३,५२६ डॉलर. त्यात २.४ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि वजन टनाच्या जेमतेम वर. ताकद कागदावर १५१ अश्वशक्ती, पण तेव्हाचे अमेरिकन आकडे इंजिन सुटं ठेवून मोजलेले असायचे, म्हणून थोडे फुगलेले. तरी गाडी ताशी २०० किलोमीटरपर्यंत जायची. खुद्द जपानमध्ये मात्र बहुतेकांना २ लिटरचं इंजिन मिळालं, कारण २००० सीसीच्या वर कर एकदम वाढायचा. आपल्याकडे चार मीटरच्या आत बसवायला गाड्यांची शेपटी कापतात ना, तोच प्रकार.

गाडीला वेटिंग लागलं. डीलर छापील किमतीच्या वर पैसे मागू लागले. १९७० आणि १९७१ला तिने अमेरिकेत आपल्या वर्गातली रेसिंग चॅम्पियनशिप जिंकली, १९७१ आणि १९७३ला पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली. म्हणजे नाजूक बाहुली नव्हती.

आता घरी आणल्यावर काय? ज्याचं लग्न व्हायचंय त्याला दोन सीट पुरतात. मूल झालं की गाडी विकायची. निस्सानलाही हे दिसलं असणार, कारण १९७४ला त्यांनी चाकांमधलं अंतर सुमारे ३० सेंटिमीटरने वाढवून मागे छोट्या सीट घातल्या. त्यात मोठा माणूस बसत नाही आणि गाडीची पाठही बिघडते. माझ्या मते तो सगळ्यात वाईट निर्णय.

दुसरी तक्रार वासाची. मागचं छत उतरतं असलं की वेगात गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथेच घुटमळतो. डिकीच्या झाकणाचं रबर जरा जरी ढिलं असेल तरी तो धूर आत येतो. म्हणजे जो आकार बघून गाडी घेतली, तोच आकार डोकं दुखवणार. इलाज स्वस्त होता, रबर बदलायचं. पण ते आधी कळायला हवं.

तिसरी गोष्ट मात्र गाडीच खाऊन टाकायची. गंज. टनभर वजन आणि साडेतीन हजार डॉलर हे जमवायला पत्रा पातळ होता आणि गंजरोधक लेप तुटपुंजा. बॅटरीखालचा ट्रे, पायाखालची जमीन, खालचे आधाराचे पट्टे, मागच्या चाकांच्या पुढचे कोपरे, सगळीकडे पाणी साचायचं. शिकागोसारख्या शहरात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे काही वर्षांत खालून चाळण. कोकणात खाऱ्या हवेत गाडी ठेवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आणि गंमत बघा, इंजिन मात्र मरायचं नाही. भंगारात अशा गाड्या पडायच्या, ज्यांचं इंजिन अजून एखादा लाख किलोमीटर पळलं असतं, फक्त ते धरून ठेवायला गाडी शिल्लक नव्हती.

ही किंमतही फार टिकली नाही. १९७१पर्यंत डॉलरला ३६० येन हा ठरलेला दर होता, म्हणजे ३,५२६ डॉलरचे सुमारे १२ लाख ६९ हजार येन व्हायचे. १९७८ येईपर्यंत डॉलर २०० येनच्या आसपास घसरला. त्यात धक्का सोसणारे जड बंपर आणि धुराचे नवे नियम आले. गाडी २६० झाली, मग २८०, दरवेळी जड आणि महाग. तरी या पहिल्या पिढीच्या पाच लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या.

१९९७च्या सुमारास निस्सानने स्वतःच जुन्या २४० झेड शोधून, नव्यासारख्या करून सुमारे २५,००० डॉलरला विकायला काढल्या. पन्नाससुद्धा झाल्या नाहीत. जानेवारी २०२०मध्ये १९७१ची एक न गंजलेली गाडी लिलावात ३,१०,००० डॉलरला गेली. हे ऐकून 'जुनी गाडी म्हणजे गुंतवणूक' असं कुणी सांगायला आलं तर त्याला विचारा, बाकीच्या कुठे गेल्या?

मी तेव्हा असतो तर घेतली असती का? कॅलिफोर्नियाच्या कोरड्या भागात नोकरी असती तर डोळे झाकून. शिकागोत असतो तर मित्राला घ्यायला लावली असती आणि रविवारी चावी मागितली असती.