किंग्ज गॅम्बिट: खेळावा की न खेळावा?

किंग्ज गॅम्बिट ही बुद्धिबळातील सर्वांत जुन्या आणि सर्वांत वादग्रस्त ओपनिंगपैकी एक होय. पांढरा खेळाडू राजापुढील प्यादे दोन घरे पुढे टाकतो (ई४), काळा तसेच उत्तर देतो (ई५), आणि दुसऱ्याच चालीस पांढरा राजाकडील उंटापुढचे प्यादे एफ४ या घरावर आणून काळ्याच्या हाती देतो. ते मारावे की नाही, हा काळ्यापुढचा प्रश्न. ते मुळात द्यावे की नाही, हा पांढऱ्यापुढचा. या दुसऱ्या प्रश्नावर साडेचारशे वर्षांत जाणकारांचे एकमत झालेले नाही.

‘गॅम्बिट’ हा शब्द मूळचा इटालियन. कुस्तीत पायात पाय अडकवून प्रतिस्पर्ध्याला पाडण्याच्या डावाशी त्याचे नाते आहे. आपल्याकडील पैलवान ज्याला ‘टांग’ म्हणतात त्याच कुळातला हा प्रकार. स्पेनमधील धर्मगुरू रुय लोपेझ याने १५६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बुद्धिबळावरील ग्रंथात या ओपनिंगचा विचार केलेला आढळतो. भारतीय पद्धतीच्या जुन्या बुद्धिबळात मात्र तिला जागा नव्हती. त्या खेळाच्या बहुतेक रूपांत प्याद्याला पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाता येत असे. मीर सुलतान खान यांनी त्याच पद्धतीत तयार होऊन पुढे १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद पटकावले. त्यांना युरोपीय ओपनिंगचा अभ्यास मोठेपणी, जवळजवळ परकी भाषा शिकावी तसा करावा लागला होता.

प्यादे कशासाठी द्यायचे?

काळ्याचे ई५ वरील प्यादे मध्यभाग अडवून बसलेले असते. त्याने एफ४ वरील प्यादे मारले की ते मध्यातून बाजूला जाते आणि पांढऱ्याला डी४ खेळून मध्यभागी दोन प्याद्यांची फळी उभारता येते. दुसरा लाभ एफ या उभ्या पट्टीचा. कॅसलिंगनंतर हत्ती याच पट्टीवर येतो आणि एफ४ वरील काळे प्यादे हटले की त्याची नजर थेट एफ७ या घरावर पडते. आरंभी त्या घराचे रक्षण एकटा राजाच करीत असतो. सी४ वर उंट आणि एफ३ वर घोडा आला की हल्ल्याची सामग्री जमली.

किंमतही तितकीच स्पष्ट आहे, आणि ती केवळ एका प्याद्याची नाही. एफ२ वरचे प्यादे सरकताच ई१ ते एच४ ही तिरकी रेषा उघडते आणि तिच्या टोकाशी पांढऱ्याचा राजा उभा असतो. समजा, काळ्याने प्यादे न मारता उंट सी५ वर आणला. आता पांढऱ्याने लोभाने ई५ वरील प्यादे मारले, तर काळा वजीर एच४ वर येऊन शह देतो. राजा ई२ वर सरकला तर वजीर ई४ वरील प्यादे मारून तिथेच मात करतो. जी३ खेळून शह अडवला तर ई४ वरून पुन्हा शह बसतो आणि एच१ वरील हत्ती जातो. चार-पाच चालींत डाव संपला. नवशिक्या खेळाडूंनी हे एकदा पटावर मांडून पाहावे. यातील जोखीम म्हणजे नेमके काय, हे त्यावरून पानभर विवेचनापेक्षा लवकर समजेल.

सुवर्णकाळ

एकोणिसाव्या शतकात देऊ केलेले प्यादे नाकारणे फारसे शिष्टसंमत नव्हते. २१ जून १८५१ रोजी लंडनमध्ये अडोल्फ अँडरसन आणि लिओनेल किझरित्स्की यांच्यात झालेला डाव याच वातावरणातला. हा डाव त्या वर्षीच्या प्रसिद्ध स्पर्धेतील नव्हता, तर सहज खेळला गेलेला मैत्रीचा डाव होता. अँडरसन हे ब्रेस्लाऊ येथील गणिताचे शिक्षक. त्यांनी एक उंट, दोन्ही हत्ती आणि अखेरीस वजीरही देऊन टाकला आणि उरलेले दोन घोडे व एक उंट यांच्या जोरावर तेविसाव्या चालीत मात केली. किझरित्स्कींनी त्या वेळी केवळ तीन प्यादी गमावलेली होती. ‘अमर डाव’ म्हणून तो आजही पाठ्यपुस्तकांत दिला जातो. मात्र काळ्याला त्यात बचावाच्या अनेक चांगल्या संधी होत्या, हेही तितकेच खरे.

शतकाच्या अखेरीस बचावाचे तंत्र सुधारले. मारलेले प्यादे हट्टाने जपण्यापेक्षा योग्य क्षणी परत करून आपली मोहरी मोकळी करावीत, हा विचार रुजला आणि गॅम्बिटची धार बोथट झाली. १९०३ मध्ये व्हिएन्ना येथे केवळ याच ओपनिंगची सक्ती असलेली स्पर्धा भरवण्यात आली. ती मिखाईल चिगोरिनने जिंकली. १९१२ मध्ये अबाझिया येथील तशाच स्पर्धेत रुडॉल्फ श्पिलमान विजयी झाला. याच श्पिलमानने १९२० च्या दशकाच्या आरंभी लिहिलेल्या लेखाला किंग्ज गॅम्बिटच्या रुग्णशय्येवरून लिहिल्यासारखे शीर्षक दिले. ओपनिंगच्या सर्वांत मोठ्या कैवाऱ्यालाच ती आजारी वाटू लागली होती.

फिशरचा निकाल

आधुनिक वादाचा आरंभ मात्र १९६० सालचा. अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथे बोरिस स्पास्कीने सतरा वर्षांच्या बॉबी फिशरविरुद्ध किंग्ज गॅम्बिट खेळला. फिशरने प्यादे मारले आणि ते टिकवण्यासाठी जी५ खेळले. स्पास्कीने एच४ ने त्या साखळीवर घाव घातला. काळ्याचे प्यादे जी४ वर येताच पांढरा घोडा ई५ वर उडी मारून बसला. पुढे गुंतागुंतीच्या लढाईत फिशर हरला. स्पर्धेत दोघेही संयुक्त पहिले आले, पण हा पराभव फिशरच्या मनातून गेला नाही.

पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, त्याने एका अमेरिकन त्रैमासिकात लेख लिहून ही ओपनिंग मोडीत निघाल्याचे जाहीर केले. त्याचा उपाय वरवर किरकोळ दिसणारा होता: तिसऱ्या चालीस घोडा एफ३ वर आला की लगेच जी५ न खेळता आधी डी६. या एका चालीने ई५ हे घर घोड्याला बंद होते. मग काळ्याने जी५ आणि जी४ खेळून घोड्याला हाकलले, तर त्याला किझरित्स्की पद्धतीची ती देखणी उडी मारता येत नाही.

हा उपाय उत्तम होता, पण तो अंतिम निकाल नव्हता. पांढरा लगेच डी४ आणि एच४ खेळतो, आणि घोड्याला हाकलल्यावर तो निमूटपणे जी१ या मूळ घरी परततो. सहा चालींनंतर घोडा होता तिथेच, हे चित्र विनोदी वाटते. पण काळ्याची राजाच्या बाजूची प्यादी तोवर इतकी विस्कटलेली असतात, की पांढऱ्याला खेळण्याजोगी स्थिती मिळते. गंमत अशी, की खुद्द फिशरने पुढे अधिकृत स्पर्धांत ही ओपनिंग तीन वेळा पांढऱ्या बाजूने खेळली आणि तिन्ही डाव जिंकले. त्या वेळी तो तिसऱ्या चालीस घोड्याऐवजी उंट सी४ वर आणत असे, त्यामुळे त्याचा स्वतःचा उपाय त्याच्यावर लागू होत नव्हता.

१९६० सालीच लेनिनग्राडमध्ये स्पास्कीने डेव्हिड ब्रॉनस्टाइनला याच ओपनिंगने हरवले. १९६३ च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या बाँडपटात बुद्धिबळाचा जो प्रसंग आहे, त्यातील पटावरची मांडणी या डावावरून घेतलेली आहे.

संगणक काय सांगतो?

एप्रिल २०१२ च्या आरंभी एका बुद्धिबळविषयक संकेतस्थळाने बातमी दिली, की संगणकांच्या प्रचंड ताफ्याने किंग्ज गॅम्बिट पूर्णपणे सोडवला असून प्यादे मारल्यानंतर पांढऱ्याला केवळ उंट ई२ वर आणूनच बरोबरी साधता येते. अनेक जाणकारांनी ती खरी मानली. ती एप्रिल फूलची थट्टा होती. वस्तुस्थिती अशी, की ही ओपनिंग कोणीही ‘सोडवलेली’ नाही. आजचे प्रबळ संगणक दुसऱ्या चालीनंतर काळ्याची बाजू सरस ठरवतात. पण काळा सक्तीने जिंकतो असे सिद्ध झालेले नाही.

मग तिच्यावरचा खरा आक्षेप कोणता? प्रस्तुत लेखकाच्या मते तो खंडनाचा नसून श्रमाचा आहे. पांढऱ्याला काळ्याच्या प्रत्येक उत्तराची तयारी ठेवावी लागते: जी५, फिशरचे डी६, उंट ई७, घोडा एफ६, प्यादे न मारता उंट सी५, किंवा उलट गॅम्बिट देणारी फाल्कबीअरची डी५. काळ्याला यांतील एकच पद्धत नीट शिकली तरी भागते. बहुतेकदा तो प्यादे मारून तिसऱ्या चालीस डी५ खेळतो, एक प्यादे परत देतो आणि मोहरी मोकळी करून घेतो. असे झाल्यावर हल्ल्याचा भर ओसरतो आणि राजापुढची भेग तेवढी शिल्लक राहते. शिवाय काळ्याने पहिल्या चालीस ई५ न खेळता सिसिलियन किंवा फ्रेंच बचाव निवडला, तर ही सारी तयारी त्या डावापुरती निरुपयोगी ठरते.

अव्वल खेळाडू म्हणूनच तिच्याकडे अधूनमधून काढायचे शस्त्र म्हणून पाहतात. मॅग्नस कार्लसनने २०१० मध्ये रुमानियातील स्पर्धेत चीनच्या वांग यूला, तर हिकारू नाकामुराने २०११ मध्ये लंडनमध्ये मायकेल अॅडम्सला या ओपनिंगने हरवले. दोघांपैकी कोणीही तिला आपली नेहमीची ओपनिंग केले नाही. प्रतिस्पर्ध्याची घरची तयारी एका फटक्यात निरुपयोगी करणे, एवढाच तिचा उपयोग तिथे असतो आणि तो दुसऱ्या वेळी निम्म्याने कमी होतो.

हौशी खेळाडूंचा हिशेब निराळा आहे. जलद डावांत काळ्याला पटावर बसून अचूक बचाव शोधावा लागतो आणि वेळ थोडा असतो. तिथे एका प्याद्याची किंमत अनेकदा वसूल होते. शिकणाऱ्या मुलांना तर ती अवश्य खेळू द्यावी. मोहरी झपाट्याने बाहेर काढणे, उघडी पट्टी वापरणे, राजाच्या सुरक्षिततेची किंमत ओळखणे हे सारे तिच्यात एकाच डावात शिकायला मिळते. मात्र गुणांकनासाठी खेळल्या जाणाऱ्या दीर्घ डावांत, विशेषतः आपले जुने डाव पाहून आलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर, ती मुख्य ओपनिंग म्हणून बाळगणे हितावह नाही.

तरीही खेळायचीच असेल, तर अभ्यास अमर डावापासून किंवा जी५ च्या रोमांचक फाट्यांपासून करण्याचा मोह टाळावा. प्यादे मारल्यानंतर घोडा एफ३ आणि काळ्याची डी५ ही स्थिती आधी पटावर मांडावी. प्रत्यक्षात वारंवार समोर येते ती हीच, आणि तीत प्रारंभीच्या बलिदानाची भरपाई हल्ल्याने नव्हे, तर शांत खेळाने मिळवावी लागते.