नव्वदांतले त्रेपन्न : संघनिवडीच्या भाकिताची गोष्ट

दरवर्षी ऑगस्ट महिना संपत आला की अमेरिकेत एका विशिष्ट प्रकारच्या भाकितांना ऊत येतो. ही भाकिते पावसाची किंवा निवडणुकीची नसतात. आपल्या आवडत्या अमेरिकन फुटबॉल संघात यंदा कोणते ५३ खेळाडू राहणार, याविषयीची ती असतात. वृत्तपत्रांचे बातमीदार आपापल्या याद्या छापतात, चाहते स्वतःच्या याद्या करतात आणि संघ जाहीर झाला की 'आमचे ५३ पैकी ४७ बरोबर आले' असे अभिमानाने सांगतात.

क्रिकेट संघाच्या निवडीपूर्वी आपल्याकडेही अशाच चर्चा रंगतात. तेव्हा यात विशेष ते काय, असे वाचकांना वाटेल. पण या भाकितामागे गेल्या नव्वद वर्षांचा एक इतिहास आहे. त्यात एक संगणक आहे, अलीगढचा एक संख्याशास्त्रज्ञ आहे, आणि शिक्षकांनी विचार करावा असा एक प्रश्नही आहे. माणसाच्या भावी कामगिरीचे भाकीत कितपत करता येते, आणि ते बरोबर आले असे कधी म्हणावे?

खेळ आणि त्याचे गणित

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या ओळखीच्या फुटबॉलपेक्षा अगदी वेगळा खेळ आहे. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळणे, तो फेकणे आणि प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवणे हा त्याचा गाभा. मैदानात एका वेळी एका बाजूचे ११ खेळाडू असतात. पण चढाईचे ११ वेगळे आणि बचावाचे ११ वेगळे. चेंडू लाथेने मारण्याच्या प्रसंगांसाठी आणखी काही तज्ज्ञ लागतात. शिवाय दुखापती होतातच. म्हणून प्रत्येक संघ मोठा असतो. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक संघटनेत ३२ संघ आहेत. उन्हाळी सराव शिबिरात प्रत्येक संघाला ९० पर्यंत खेळाडू ठेवता येतात. हंगाम सुरू होण्यापूर्वी ही संख्या ५३ वर आणावी लागते.

म्हणजे एका संघातून ३७ आणि ३२ संघांतून ३७ × ३२ = ११८४ खेळाडू एकाच सुमारास वगळले जातात. त्यांतील काहींना संघाबरोबर केवळ सरावासाठी ठेवून घेतात, काहींना दुसरा संघ उचलतो, आणि बाकीच्यांची कारकीर्द तिथेच संपते.

नव्वदांतून त्रेपन्न निवडण्याचे प्रकार किती? उच्च माध्यमिक वर्गातील संचयाचे सूत्र वापरले तर उत्तर येते सुमारे २.५ × १०^२५, म्हणजे २५ वर २४ शून्ये. एवढ्या शक्यतांतून एक यादी ओळखायची म्हणजे अशक्यच, असे प्रथमदर्शनी वाटते. तरीही चाहत्यांचे ४६-४७ अंदाज बरोबर येतात. हे कोडे आपण पुढे सोडवू. आधी थोडा इतिहास पाहू.

फळ्यावरची नव्वद नावे

महाविद्यालयांतून बाहेर पडणारे खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडावेत, ही पद्धत १९३६ साली सुरू झाली. फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांची ती कल्पना. दुबळ्या संघाला पहिली संधी मिळावी, म्हणजे श्रीमंत संघच सगळे चांगले खेळाडू पळवणार नाहीत, हा तिचा हेतू. त्या वेळी ९ संघ होते. बैठकीच्या खोलीत एका फळ्यावर ९० नावे लिहिली होती आणि त्यांतून निवड करायची होती. खेळाडूंविषयीची माहिती म्हणजे वर्तमानपत्रांतील वर्णने, ओळखीच्या प्रशिक्षकांचे शब्द आणि ऐकीव गप्पा. सर्वांत प्रथम निवडला गेलेला जे बेरवँगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही! भाकिताच्या या इतिहासातले पहिलेच पाऊल असे चुकले.

पुढे संघांनी खेळाडू हेरणारे पगारी निरीक्षक नेमले. ते गावोगाव फिरत, सामने पाहत आणि अहवाल लिहीत. परंतु एका निरीक्षकाचा 'चांगला' आणि दुसऱ्याचा 'चांगला' यांत जमीन-अस्मानाचा फरक असे. ज्या शिक्षकांनी एकाच प्रश्नाच्या उत्तरपत्रिका दोघांकडून तपासून घेतल्या असतील, त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

अलीगढचा संख्याशास्त्रज्ञ

१९६० साली डॅलस शहरात 'काऊबॉइज' हा नवा संघ स्थापन झाला. पहिल्या हंगामात त्यांनी १२ सामन्यांपैकी ११ गमावले आणि एक बरोबरीत सोडवला, विजय शून्य. संघाचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम हे पूर्वी दूरचित्रवाणीत काम करीत होते. १९६० च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी आयबीएमचे संगणक निकालांचे काम झपाट्याने कसे करतात, हे त्यांनी पाहिले होते. हे यंत्र खेळाडू निवडायला मदत करील का, असा प्रश्न त्यांच्या मनात आला. आयबीएमच्या एका उपकंपनीत काम करणाऱ्या सलाम कुरेशी या भारतीय संख्याशास्त्रज्ञाकडे हे काम आले.

कुरेशी अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकलेले. त्यांना क्रिकेट माहीत होते, अमेरिकन फुटबॉल जवळजवळ नाही. आम्हांला वाटते की हे अज्ञानच त्यांच्या उपयोगी पडले. 'हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे' असे म्हणून सोडून देण्याजोगे त्यांच्याजवळ काही नव्हते. चांगला खेळाडू म्हणजे नेमके काय, हे त्यांना प्रशिक्षकांना विचारावेच लागले. उत्तरादाखल सुमारे ३०० गुणांची यादी जमली. एवढ्या चलराशी हाताळणे त्या काळच्या संगणकाला झेपणारे नव्हते, आणि त्याची गरजही नव्हती. कारण त्यांतील पुष्कळ गुण एकाच गोष्टीची वेगवेगळी नावे होती. अखेर पाच मुख्य गुण ठरले : चारित्र्य, चपळाई व शरीरावरील ताबा, चुरशीची वृत्ती, बुद्धीची तल्लखता, आणि ताकद. उंची, वजन व वेग ही मोजता येणारी मापे वेगळी धरली.

पुढचे काम भाषेचे होते. निरीक्षकांनी मोघम विशेषणे लिहिण्याऐवजी ठराविक विधानांची प्रश्नावली भरायची आणि प्रत्येक विधानाला आकड्यांत गुण द्यायचे, असे ठरले. असे आकडे जमल्यावर आणखी एक गोष्ट शक्य झाली. खेळाडूंबरोबर निरीक्षकही तपासता येऊ लागले. कोण नेहमीच सढळ हाताने गुण देतो, कोणाचे अंदाज पुढे खरे ठरतात, हे मागे वळून पाहता येऊ लागले. पद्धतशीर नोंद ठेवल्यावाचून अनुभवातून शिकता येत नाही, हा विज्ञानाचा साधा नियम इथे एका खेळाने आपलासा केला.

याचा परिणाम काय झाला? १९६६ ते १९८५ अशी सलग २० वर्षे प्रत्येक हंगामात काऊबॉइजचे विजय पराभवांपेक्षा अधिक होते. पण याचे सारे श्रेय यंत्राला देण्याची घाई करू नये. १९६४ च्या निवडीत या संघाने बॉब हेज याला सातव्या आणि रॉजर स्टॉबॅक याला दहाव्या फेरीत घेतले. हेज हा विख्यात धावपटू होता. त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने १०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. स्टॉबॅकला १९६३ चा सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा मान मिळालेला होता. दोघांचेही गुण जगजाहीर होते. पण स्टॉबॅकला आधी नौदलात सेवा करायची होती. तो संघात आला थेट १९६९ मध्ये. थांबण्याची तयारी संगणकाची नव्हती, माणसांची होती.

शिवाय एका संघाची युक्ती फार काळ त्याची एकट्याची राहत नाही. इतर संघांनीही निरीक्षण मंडळे स्थापन केली, संगणक आणले. १९८० च्या दशकात तर सर्व संघांसाठी एकच सामाईक चाचणी शिबिर भरू लागले आणि १९८७ पासून ते इंडियानापोलिसला भरते. माहिती सर्वांना सारखीच मिळाली की तिच्यातून मिळणारा फायदा संपतो.

चुकलेली भाकिते

एवढे मोजमाप करूनही भाकिते किती खरी ठरतात? केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (हे थेलर म्हणजे २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे) यांनी हा प्रश्न तपासला. एकाच जागेवर खेळणाऱ्या दोन नवोदितांपैकी आधी निवडलेला हा त्याच्या लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याचे प्रमाण किती? उत्तर आले सुमारे ५२ टक्के. नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरे!

वगळण्याचे निर्णयही असेच चुकले आहेत. १९५५ साली पिट्सबर्ग संघाने जॉनी युनायटस या तरुण क्वार्टरबॅकला हंगामापूर्वीच घरी पाठवले. (क्वार्टरबॅक म्हणजे चढाईचा सूत्रधार.) तो पोटासाठी बांधकामावर राबला आणि अर्धव्यावसायिक संघातून खेळत राहिला, पुढे बाल्टिमोर संघाने त्याला घेतले आणि १९५८ व १९५९ ची अजिंक्यपदे त्याच्याच नेतृत्वाखाली जिंकली. १९९४ साली ग्रीन बे संघाने वगळलेला कर्ट वॉर्नर किराणा दुकानात फळ्यांवर माल लावण्याचे काम करीत होता. १९९९ च्या हंगामात तो सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. तीही संधी त्याला मिळाली ती संघाचा मुख्य क्वार्टरबॅक हंगामापूर्वी जायबंदी झाला म्हणून.

सर्वांत बोलके उदाहरण २००० सालचे. टॉम ब्रेडी हा त्या वर्षीच्या निवडीत १९९ वा आला. न्यू इंग्लंड संघाजवळ आधीच तीन क्वार्टरबॅक होते. तीनच ठेवण्याची सर्वसाधारण प्रथा. त्यामुळे यादी करणाऱ्याने ब्रेडीला वगळले असते तर तो शहाणाच ठरला असता. संघाने मात्र चौघेही ठेवले. पुढच्या वर्षी मुख्य खेळाडू जखमी झाला, ब्रेडी मैदानात उतरला आणि २०२३ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच्या नावावर सात अजिंक्यपदे जमा झाली.

या तीन गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत, कारण ते तिघे परत आले. जे परत आले नाहीत, त्यांच्यात आणखी किती युनायटस होते, हे कोणालाही सांगता येणार नाही. वगळलेल्याला खेळायला मिळत नाही. त्यामुळे 'हा चमकणार नाही' हे भाकीत तपासले जात नाही, ते स्वतःच स्वतःला खरे करते.

भाकिताला गुण कसे द्यावेत?

आता सुरुवातीच्या कोड्याकडे वळू. काहीही माहीत नसलेल्या माणसाने ९० चिठ्ठ्यांतून डोळे मिटून ५३ उचलल्या, तरी सरासरीने ५३ × ५३ ÷ ९० म्हणजे ३१ नावे बरोबर येतील. शिवाय बहुतेक जागा आधीच ठरलेल्या असतात. समजा, ४५ जागा सर्वांनाच ठाऊक आहेत. मग उरतात ८ जागा आणि त्यांसाठी ४५ उमेदवार. या आठ जागांसाठी चिठ्ठ्या टाकल्या तर सरासरीने ८ × ८ ÷ ४५, म्हणजे १.४ नावे बरोबर येतील. एकूण झाले ४६.४. म्हणजे खऱ्या प्रश्नावर शून्य ज्ञान असलेला माणूसही ८७ टक्के गुण मिळवतो! ज्याची ४९ नावे बरोबर आली, त्याने मात्र काहीतरी जाणले. अज्ञानी माणसाच्या पुढे ६.६ पायऱ्या होत्या, त्यांतल्या २.६ तो चढला. त्याचे खरे कौशल्य जवळजवळ ४० टक्के.

हा धडा हवामानशास्त्राने फार पूर्वी घेतला. १८८४ साली अमेरिकेत जॉन फिन्ली यांनी चक्रीवावटळींची भाकिते केली आणि २८०३ पैकी २७०८ बरोबर आली, म्हणजे ९६.६ टक्के यश मिळाले. पण वावटळी झाल्या होत्या फक्त ५१ वेळा. गिल्बर्ट या भूवैज्ञानिकाने त्याच वर्षी या मोजणीतील दोष दाखवून दिला. कारण 'वावटळ कधीच होणार नाही' एवढेच रोज सांगणाऱ्याला ९८.२ टक्के यश मिळाले असते!

वर्गात करून पाहण्यासाठी एक प्रयोग सुचवतो. शाळेचा खो-खोचा संघ निवडायचा असेल, तेव्हा २० इच्छुकांतून १२ नावांची यादी प्रत्येक विद्यार्थ्याने आधी लिहून पाकिटात ठेवावी. त्याबरोबर चिठ्ठ्या टाकूनही काही याद्या कराव्यात. त्यांत सरासरीने १२ × १२ ÷ २०, म्हणजे सात नावे बरोबर यायला हवीत. मग ज्याची आठ बरोबर आली, त्याला किती शाबासकी द्यायची, हे मुलांनाच ठरवू द्यावे.

आम्ही स्वतः संशोधक विद्यार्थ्यांच्या निवड समित्यांवर अनेकदा बसलो आहोत. निवडलेली मुले चांगली निघाली की आपली पारख अचूक असल्याचे समाधान आम्ही करून घेत आलो. ज्यांना नाही म्हटले, त्यांचे पुढे काय झाले याची नोंद मात्र आम्ही कधी ठेवली नाही. पहिल्या आठ-दहा जणांविषयी कोणाचे दुमत नसते. तराजू डोलतो तो शेवटच्या दोन जागांवर, आणि तिथे आमचे ज्ञान चिठ्ठीपेक्षा फारसे सरस नसावे, अशी आम्हांला आता शंका येते. निवड तर करावीच लागते. जागा मोजक्याच असतात. पण 'जागा नाही' आणि 'तुझ्यात गुण नाहीत' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. ज्याला आपण वगळतो, त्याला यांतले पहिले वाक्यच सांगावे. दुसरे सांगण्याइतके पुरावे आपल्याजवळ क्वचितच असतात.