वयाचा दाखला

मुरुमच्या माझ्या दवाखान्यात सत्तरीच्या पुढचा पेशंट आला की केसपेपरवरचा वयाचा रकाना मी सगळ्यांत शेवटी भरतो. नाव, गाव, दुखणारा दात हे सगळं झटक्यात कळतं. वय विचारलं की गोष्ट सुरू होते. ‘रझाकारांच्या धामधुमीत आईनं मला कडेवर घेऊन सोलापूरकडं पळ काढला होता, तेव्हा मी रांगत हुते म्हणं.’ ‘बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जायची, धाकटा पोटात हुता.’ मग मी मनात बेरीज-वजाबाकी करतो आणि एक आकडा लिहून टाकतो. शाळेत गेलेल्यांची तऱ्हा वेगळी. त्यांच्याकडे जन्मतारीख असते, पण ती बहुधा १ जून. मास्तरांनी पोराकडे एकदा बघितलं, शाळेत घेण्याजोगा वाटला, लिहिली तारीख. आमच्या उमरगा तालुक्यात एका वयाच्या माणसांचे वाढदिवस ढिगानं १ जूनला येतात, ते काही निसर्गाचं काम नव्हे.

हा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. दप्तर उर्दूत आणि जन्ममृत्यूच्या नोंदी विरळ. त्याचा हिशेब लोक आजही चुकता करताहेत. म्हातारपणीच्या पेन्शनच्या श्रावणबाळ योजनेला ६५ वर्षं पुरी लागतात आणि कागदावर ती भरत नाहीत. मग कुणीतरी माझ्याकडे येऊन म्हणतं, ‘डॉक्टर, दात बघून वय लिहून द्या की. बैलाचं बघता येतं, मग माणसाचं का न्हाई?’

प्रश्न अडाणी नाही. बैलबाजारात जबडा उघडून आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला असं सांगणारा माणूस जे करतो, तेच आम्ही विशीपर्यंतच्या मुलांबाबत करतो. कुठला दात आला, कुठला यायचा आहे ते बघतो. अक्कलदाढा आल्या की बाहेरून मोजायचं काही उरत नाही. त्यानंतरचं वय दाताच्या आत लिहिलेलं असतं आणि ते नीट वाचायला दात काढून त्याची चकती करावी लागते. असा दाखला तहसीलदार मानणार नाहीत आणि पेन्शनसाठी कुणाचा चांगला दात मी उपटणारही नाही. पण किडीमुळे किंवा हलत असल्यामुळे काढलेला दात, पेशंट ‘ठेवा’ म्हणाला तर, मी ठेवून घेतो. संध्याकाळी गर्दी ओसरली की तो घासायला बसतो.

ही घासण्याची विद्या आम्हाला बीडीएसच्या पहिल्या वर्षाला शिकवायचे. आधी फिरत्या चकतीनं दात उभा कापायचा, मग कार्बोरंडमच्या दगडावर पाणी घालून बोटानं घासत राहायचं. जाड दगडावरून बारीक दगडावर यायचं. दात नखाएवढा पातळ झाला की खरी परीक्षा सुरू होते. आता बोटाची कातडी दाताबरोबर झिजते आणि एक जास्तीचा फेरा मारला की वरचं इनॅमल टवका उडून जातं. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या चकत्या तिथंच संपायच्या. खालच्या कागदावरचं अक्षर चकतीतून वाचता आलं की ती काचपट्टीवर चिकटवायची. हाडाच्या तुकड्यासारखा दात आम्लात मऊ करून, मेणात बसवूनही कापता येतो. पण तसं केलं की इनॅमल विरघळून जातं, कारण त्याचा ९६ टक्के भाग खनिजच असतो. इनॅमल बघायचं तर घासण्याला पर्याय नाही. हल्ली कॉलेजांत तयार स्लाइड आणि पडद्यावरची चित्रं दाखवून हा धडा उरकतात. मला ते पटत नाही. दाताची कठीणता बोटाला लागल्याशिवाय त्याची रचना डोक्यात शिरत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली तीन वेगळे प्रदेश दिसतात. वर इनॅमल, त्याखाली आणि मुळापर्यंत डेंटिन, मुळावरून पातळ थरासारखं सिमेंटम. पल्प, म्हणजे नस आणि रक्तवाहिन्यांची पोकळी, घासलेल्या चकतीत रिकामी दिसते. इनॅमल म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढ्या जाडीच्या दांड्यांची गच्च मोळी. ते एकदम तयार होत नाही; दिवसाला साधारण ४ मायक्रॉन असं थराथरानं चढतं, जशी माळवदावर दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीची नवी भर पडते. रोजची बारीक रेघ आणि दर सात-आठ दिवसांनी एक ठळक रेघ. मूल आजारी पडलं, उपाशी राहिलं की त्या वेळची रेघ गडद होते. फारच हाल झाले तर पृष्ठभागावर आडवी खाच उरते. आणि दात हिरडीतून वर येता येता इनॅमल घडवणाऱ्या पेशी मरून जातात. हाड मोडलं तर जुळतं, कातडी भरून येते, इनॅमल मात्र पुन्हा कधीच दुरुस्त होत नाही. म्हणूनच त्यात लिहिलेलं कुणी खोडू शकत नाही.

दाताच्या आत भिंगातून बघणारा पहिला माणूस दंतवैद्य नव्हताच. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा अंतोनी व्हान लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी. स्वतः घासलेल्या भिंगातून त्यानं दाताचे तुकडे पाहिले आणि दात बारीक नळ्यांचा बनलेला आहे असं लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. ते १६७८ साली छापून आलं. १६८३ साली त्यानं आपल्याच दातांच्या फटीतला पांढरा मळ भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. तो रोज सकाळी मिठानं दात घासायचा, हे त्यानं आवर्जून लिहून ठेवलं आहे. आमच्याकडच्या मीठ-राखुंडीवाल्या आजोबांशी त्याचं चांगलं जमलं असतं.

त्याच्या नळ्या पुढे दीडशे वर्षं लोक विसरले. १८३५ साली ब्रेस्लाऊमध्ये पुर्किन्ये आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी पातळ चकत्या करून त्या पुन्हा शोधल्या, सिमेंटमही वेगळं ओळखलं. स्टॉकहोमच्या आंदेर्स रेट्झियसनं १८३७ साली इनॅमलमधल्या त्या ठळक रेघांचं वर्णन केलं. आजही त्या त्याच्याच नावानं ओळखल्या जातात. १८५६ साली लंडनचे दंतवैद्य जॉन टोम्स यांनी डेंटिनच्या नळ्यांत जिवंत तंतू असतात हे दाखवलं. या नळ्या पल्पजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये ४५,००० च्या वर भरतात. वरचं इनॅमल झिजून त्या उघड्या पडल्या, की गार पाणी लागताच आतला द्रव हलतो आणि दात शिवशिवतो. हा द्रवाचा उलगडा मात्र बराच उशिरा, १९६० च्या दशकात, स्वीडनच्या ब्रेनस्ट्रोमनं केला.

भारतात दंतवैद्यकाचं कॉलेज १९२० साली आलं. त्या वर्षी डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात पहिलं दंत महाविद्यालय काढलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ चं. मराठवाड्याच्या खेड्यापर्यंत शिकलेला दंतवैद्य पोचायला आणखी कित्येक दशकं गेली. तोवर दात उपटण्याचं काम न्हाव्यापासून जत्रेतल्या दातवाल्यापर्यंत कुणीही करायचं.

आता वयाकडे. १९५० साली स्वीडनमधल्या माल्मोच्या गुस्ताफसननं चकतीवरून वय काढायची पद्धत मांडली. सहा गोष्टी बघायच्या: चावण्याची बाजू किती झिजली, हिरडी किती खाली सरकली, पल्पच्या पोकळीत नवं डेंटिन किती भरलं, मुळावर सिमेंटम किती चढलं, मूळ किती खाल्लं गेलं आणि मुळाचं टोक किती पारदर्शक झालं. प्रत्येकीला शून्य ते तीन गुण द्यायचे. त्याच्या स्वतःच्या हिशेबानं चूक साडेतीन वर्षांच्या आसपास. पुढच्या लोकांना ती याहून जास्त आढळली. माझा सगळ्यांत जास्त विश्वास शेवटच्या खुणेवर. वयाबरोबर मुळातल्या नळ्या टोकाकडून खनिजानं बुजत जातात आणि चकती उजेडात धरली की तेवढा भाग काचेसारखा दिसतो. पहिल्या खुणेवर, म्हणजे झिजेवर, आमच्या भागात मुळीच भरवसा ठेवू नये. जात्यावर दळलेल्या ज्वारीच्या पिठात दगडाची कच असायची आणि वर कडक भाकरी. जुन्या बायकांच्या दाढा चाळिशीतच सपाट झालेल्या असत. माल्मोच्या माणसाचं कोष्टक लावलं तर त्यांना दहा-पंधरा वर्षं फुकट मिळतील. श्रावणबाळवाल्यांना हे सांगायची सोय नाही.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात डेंटिनचा सगळ्यांत देखणा नमुना माझ्या दवाखान्यात नाही, तेरला आहे. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तकात ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलं आहे. इथलं कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जायचं. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि त्यातून तिथलं वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती सातवाहन काळातली. इटलीत पाँपेईच्या राखेखाली १९३८ साली जी भारतीय हस्तिदंती मूर्ती निघाली, तिच्या घराण्यातलीच ही. तेरच्या मूर्तीसमोर इतिहासाचे अभ्यासक दागिने आणि केशरचना बघत उभे राहतात, मी मात्र दात बघतो. हस्तिदंत म्हणजे हत्तीचा पुढचा दात, आणि तो जवळजवळ सगळा डेंटिन असतो. इनॅमल फक्त टोकावर, तेही लवकर झिजून जातं. त्यातल्या नळ्यांच्या वळणांमुळे आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी दिसते. १८०० साली श्रेगर नावाच्या जर्मन वैद्यानं दातांतले असे पट्टे वर्णिले, म्हणून या रेघांनाही त्याचंच नाव. बाहेरच्या कडेजवळ त्यांचा कोन ११५ अंशांहून मोठा असेल तर दात आजच्या हत्तीचा, ९० हून लहान असेल तर नामशेष मॅमथचा. हस्तिदंताची चोरटी विक्री पकडायला हीच खूण आज वापरतात. तेरच्या कारागिराला कोन ठाऊक नसेल, पण हाडापेक्षा या पदार्थावर पातं गुळगुळीत का चालतं हे त्याच्या हाताला नक्की कळलेलं होतं. हाडात रक्तवाहिन्यांची भोकं असतात, डेंटिनमध्ये ती नसतात.

माणसांच्या दातांचं वाचन महाराष्ट्रात खऱ्या अर्थानं झालं ते इनामगावमुळे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी, पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळात तिथं शेतकऱ्यांची वस्ती होती. मेलेल्या लहान मुलांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरायचे. आईबाप त्यावरच राहायचे, स्वयंपाक करायचे. त्या रांजणांत हाडं ठिसूळ झाली, पण दुधाचे दात टिकले. डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतले जॉन लुकाच यांनी इनामगाव, नेवासे आणि दायमाबादच्या मुलांचे दात तपासले. दुधाच्या सुळ्याच्या पुढच्या अंगावर कधी कधी टाचणीच्या टोकाएवढा खड्डा असतो, तिथं इनॅमल धरलेलंच नसतं. हा भाग जन्माच्या आसपास आणि नंतरच्या काही महिन्यांत घडतो. म्हणजे खड्डा आईच्या आणि तान्ह्या मुलाच्या पोषणाबद्दल बोलतो. हवामान आणि शेती बदलत गेली तशी त्या मुलांची आबाळ कशी बदलली, हे या दोघांनी अशा खड्ड्यांवरून तपासलं. १९९८ साली तो अभ्यास छापला गेला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या तान्ह्या बाळाची प्रकृती विचारायला दुसरा साक्षीदार कुठून आणणार?

साक्षीदार आजही आहेत, फक्त आपण त्यांना विचारत नाही. १९७०-७१ साली जन्मलेल्या माणसाच्या पुढच्या कायमच्या दातांचं आणि सुळ्यांचं इनॅमल नेमकं बहात्तरच्या दुष्काळात घडत होतं. आई खडी फोडायला आणि पोराच्या तोंडात सुकडी नाहीतर तांबड्या मिलोची भाकरी. त्या वयाच्या काही पेशंटांच्या सुळ्यांवर मी आडव्या खाचा पाहिल्या आहेत. एका खाचेवरून दुष्काळ सिद्ध होत नाही. गोवरानं, जुलाबानं, लांबलेल्या तापानंही ती पडते. शंभर दात एकत्र आले आणि खाचा एकाच उंचीवर सापडल्या, तर मात्र बोलता येईल. ते शंभर दात कुणी जमवले नाहीत. काढलेला दात आज दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातो आणि जाळला जातो. नियम तसाच आहे आणि रोगराईच्या दृष्टीनं तो बरोबरच आहे.

अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात मात्र १९५८ पासून आईबापांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात पाकिटात घालून पाठवले. बारा वर्षांत तीन लाखांच्या वर जमले. अणुचाचण्यांतलं स्ट्राँशियम मुलांच्या दातांत उतरतंय हे त्यातून कळलं. दात जमवायला कुठलं मोठं यंत्र लागलं नाही, पोस्टाचं पाकीट लागलं.

आमच्याकडे मुलाचा पहिला पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून माळवदावर फेकायची रीत आहे. पहिला खुशाल फेका, उंदीरमामाला नवा मागा. बाकीचे ठेवा. सुळे तर नक्की ठेवा. धुऊन, सुकवून, कागदी पाकिटात घाला. प्लॅस्टिकमध्ये नको, ओल धरते. पाकिटावर मुलाची जन्मतारीख, दात पडल्याची तारीख, वरचा की खालचा, डावा की उजवा, एवढं लिहा. आणि आई गरोदर असताना कुटुंब ज्या गावात राहत होतं, त्या गावाचं नाव.