कोंबड्या पाळणाऱ्या बाईनं जिंकलेलं राजाचं बक्षीस

मागच्या भागानंतर एका बचत गटातल्या ताईंनी विचारलं, "बायकांची शर्यत वेगळी आणि पुरुषांची वेगळी, असं न करता एकाच रांगेत उभं राहून बाई जिंकली, असं कधी झालंय का हो?" झालंय, ताई. आज तीच गोष्ट सांगते.

गोष्ट इंग्लंडमधली, १९३० सालची. सरे नावाच्या परगण्यात फ्रिमली म्हणून गाव आहे. तिथं मार्जोरी फॉस्टर आपल्या मैत्रिणीसोबत कोंबड्या पाळायच्या. वय ३७. तुमच्यापैकी ज्यांचा कुक्कुटपालनाचा गट आहे, त्यांना त्यांचा दिवस कसा जात असेल हे सांगायला नको. पहाटे उठा, दाणा-पाणी करा, अंडी गोळा करा. पण या बाईंना आणखी एक नाद होता, लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीचा. आणि नेमबाजीचं सगळ्यात मोठं मैदान, बिझ्ली, त्यांच्या गावापासून जवळच होतं.

या मैदानावरच्या मोठ्या बक्षिसाचा इतिहास आधी ऐका. १८६० साली लंडनजवळच्या विम्बल्डन इथं ही स्पर्धा सुरू झाली. पहिली गोळी खुद्द व्हिक्टोरिया राणीनं झाडली. रायफल आधीच नेम धरून ठोकळ्यावर घट्ट बसवली होती, राणीनं फक्त दोरी ओढली. बक्षिसाला राणीचं नाव, पहिली गोळी राणीची, पण स्पर्धा मात्र स्वयंसेवक सैनिकांसाठी. बायका त्या पलटणीत नव्हत्याच, म्हणजे आपोआप बाहेर! १८९० साली हा मेळावा बिझ्लीला गेला. पुढच्याच वर्षी, १८९१ साली, विनिफ्रेड लील नावाच्या तरुणीनं तिथं पुरुषांच्या बरोबरीनं नेम धरला. तशी ती पहिलीच. पण मोठं बक्षीस बाईच्या हाती यायला आणखी ३९ वर्षं जावी लागली.

आता हा खेळ कसा चालतो ते सांगते. त्यात नुसतं चाप ओढणं नसतं. नेमबाज पालथा झोपतो. रायफलीचा पट्टा दंडाला आवळून घेतो, म्हणजे हात डगमगत नाही. स्पर्धेचे टप्पे असतात आणि टप्प्याटप्प्यानं माणसं गळत जातात. शेवटच्या फेरीला फक्त १०० जण उरतात. या फेरीत निशाण ९०० आणि मग १००० यार्डांवर असतं. १००० यार्ड म्हणजे ९१४ मीटर. आपल्या घराच्या ओट्यावरून पार पलीकडच्या वाडीतलं झाड दिसावं, तेवढं अंतर समजा. एका गोळीला जास्तीत जास्त ५ गुण. निशाणाखालच्या खंदकात माणसं बसलेली असतात. प्रत्येक गोळीनंतर ती निशाण खाली ओढतात, गोळी कुठं लागली ते खूण करून दाखवतात.

एवढ्या लांब गोळी पोचायला दीड-दोन सेकंद लागतात. तेवढ्या वेळात वारा तिला कितीतरी फूट बाजूला ढकलतो. म्हणून मैदानावर निशाणं, म्हणजे झेंडे लावलेले असतात. ते कसे फडकतात, उन्हाच्या झळा दुर्बिणीतून कुठल्या अंगाला वाहताना दिसतात, हे पाहून नेम सरकवायचा. मळणीच्या वेळी सुपानं धान्य वारवताना आपण वाऱ्याचा अंदाज घेतोच ना? तसंच हे. इथं दंडाची ताकद फारशी कामाला येत नाही. नजर, श्वास आणि धीर लागतो.

१९ जुलै १९३०. शेवटची गोळी झाली, बेरीज झाली. ३०० पैकी मार्जोरीबाईंना २८० गुण. दुसऱ्या नंबरवर लष्करातले लेफ्टनंट एकल्स, २७९ गुण. एका गुणाचा फरक! विजेत्याला खुर्चीत बसवून, ती खुर्ची खांद्यावर घेऊन मिरवायची तिथली रीत. त्या दिवशी पहिल्यांदाच त्या खुर्चीत बाई बसली होती.

त्याच साली आपल्याकडं काय चाललं होतं? त्याच राजाच्या मिठाच्या कायद्याविरुद्ध सत्याग्रह. दांडीला निघालेल्या पहिल्या तुकडीत एकही बाई घेतलेली नव्हती. तरी एप्रिलमध्ये मुंबईत कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले यांनी मीठ केलंच. तिकडं राजाचं बक्षीस, इकडं राजाचा कायदा. दोन्हीकडच्या बायकांना मात्र रांगेत जागा मागून घ्यावी लागली.

आता खरी गोष्ट पुढं आहे. एक बाई जिंकली, मग दार कायमचं उघडलं का? नाही. दहा वर्षांनी, १९४० साली, इंग्लंडवर शत्रूच्या हल्ल्याचं सावट होतं. गावोगाव 'होम गार्ड' नावाची राखणदार पथकं उभी राहिली. त्यात बायकांना घेतलं नाही. एडिथ समरस्किल या खासदार बाईंनी त्यावरून सरकारशी सतत वाद घातला. बायकांनी स्वतःच जमून रायफल शिकायला सुरुवात केली. १९४३ साली त्यांना मदतनीस म्हणून घेतलं, तेही हातात हत्यार न देता. आणि बिझ्लीचं ते मोठं बक्षीस पुन्हा बाईला मिळालं थेट २००० साली, जोआना हॉसॅक यांना. मधे ७० वर्षं गेली.

आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफलमध्ये जगज्जेत्या झाल्या. ती स्पर्धा बायकांची वेगळी होती, अंतरही कमी. पण आसन तेच, पालथं झोपून, श्वास रोखून.

आपल्या गावातही असं होतं. एक बाई सरपंच होते, एक मुलगी भरती होते, आपण हार घालतो आणि वाटतं, झालं काम. पण पहिलीच्या मागं दुसरी तयार नसेल, तर दार वाऱ्यानं परत लागतं. त्याला दगड लावून ठेवावा लागतो. तो दगड म्हणजे आपण, मागं उभ्या राहिलेल्या.

या आठवड्याच्या बैठकीत एवढंच बोला: आपल्या गावात पहिली कोण होती, आणि तिच्यामागं दुसरी गेली का? नसेल, तर का? पुढच्या भागात तुमची उत्तरं वाचून दाखवू. नमस्कार.